मदत हवी आहे: लॅबमध्ये तिसरा आठवडा, हळदीचं रीडिंग रोज खाली येतंय. सरांना सांगू का?

तासगावची_पोर
नमस्कार. बीएस्सी दुसरं वर्ष, केमिस्ट्री. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीतल्या एका लॅबमध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय. तासगावहून एसटीने जाऊन-येऊन करते. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

पहिला आठवडा काचेची भांडी धुण्यात आणि पिपेटने पाणी उचलून तराजूवर तोलण्यात गेला. १ मिली पाणी दरवेळी १ ग्रॅमच्या आसपास भरेपर्यंत ताईंनी (तिथं पीएचडी करतात) दुसरं काही हातात दिलं नाही. घरी आजी विचारायची, "काय शिकलीस गं?" मी म्हणायचे, भांडी घासायला.

मग खरं काम मिळालं. मार्केट यार्डातून आणलेल्या राजापुरी आणि सेलम हळदीत कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती ते काढायचं. त्याआधी शुद्ध कर्क्युमिनचा स्टँडर्ड ग्राफ, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांची रीडिंगं, ज्यांच्याशी हळदीचं रीडिंग ताडून बघायचं. १० मिलिग्रॅम तोलून इथेनॉलमध्ये विरघळवलं, १०० मिलीच्या फ्लास्कात खुणेपर्यंत भरलं. हा स्टॉक. त्यातलं १ मिली घेऊन २५ मिली केलं की ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. सोमवारी ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) आलं ०.६४. ग्राफ पट्टीने ओढल्यासारखा सरळ. ताई 'छान' म्हणाल्या, त्या सहसा म्हणत नाहीत.

मंगळवारी त्याच स्टॉकमधून परत केलं: ०.६०. बुधवारी ०.५५. आज शुक्रवार, ०.४७.

ताई दुपारीच लग्नाला गावी गेल्यात. सोमवारी सरांना ग्राफ दाखवायचाय. माझ्याबरोबर पुण्याचा एक मुलगा आहे, फाडफाड बोलतो, त्याच्यासमोर हे ०.४७ काढायची लाज वाटतेय. खरं सांगते, आजचं रीडिंग वहीत पेन्सिलने लिहिलंय. खोडून ०.६३ करायचा मोह झाला होता.

माझा हात चुकतोय का? फ्लास्कचं बूच सैल होतं, अल्कोहोल उडालं असेल का? आणि सरांना आधी सांगू की ताईंची वाट बघू?

जुना_बीकर
अल्कोहोल उडालं असतं तर द्रावण घट्ट होऊन रीडिंग वाढलं असतं, तुमचं उतरतंय. हात चुकला असता तर आकडे वर-खाली झाले असते, असे जिना उतरल्यासारखे एकाच दिशेने गेले नसते. ब्लँकला (मशीन शून्यावर आणायला) इथेनॉलच घेता ना? आणि फ्लास्क ठेवता कुठं?

तासगावची_पोर
ब्लँक इथेनॉलचाच. फ्लास्क बेसिनच्या वर, खिडकीत. पांढऱ्या काचेचा. दुपारनंतर तिथं ऊन येतं.

जुना_बीकर
सापडला चोर. साडीवर हळदीचा डाग पडला की आई ती धुऊन उन्हात का टाकते? डाग उडतो म्हणून. तुमच्या कर्क्युमिनचा रंगही खिडकीत बसून तसाच उडतोय. मे महिन्यातलं सांगलीचं ऊन, त्याला चार दिवस म्हणजे चैनच.

उद्या लॅब अर्धा दिवस तरी उघडी असेल. ताजा स्टॉक करा आणि दोन फ्लास्कात वाटून घ्या. एकाला फॉइल गुंडाळून कपाटात ठेवा, दुसरा मुद्दाम खिडकीत. दोन्हींचं रीडिंग उद्या आणि परत सोमवारी सकाळी. सरांना नुसतं "चुकलं" सांगण्यापेक्षा का चुकलं ते दाखवता येईल.

हरिपूरची_सून
माझी एक भर. भांडी कशाने धुता? सोड्याची पावडर असेल आणि नीट खळबळली नसेल तरी घोटाळा होतो. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं ना, तसं अल्कलीत कर्क्युमिन लाल पडतं आणि लवकर मोडतं. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने, मग थोड्या इथेनॉलने.

सरांचं म्हणाल तर आधी ताईंना एक मेसेज टाका. त्यांना डावलून सरांकडे गेलात तर बरं दिसणार नाही. आणि त्या पेन्सिलवर आत्ताच पेन फिरवा, ०.४७ वरच. तुमच्याकडचं सगळ्यात कामाचं रीडिंग तेच आहे.

तासगावची_पोर
सोमवार रात्र. सगळ्यांचे आभार.

ताईंचा लग्नातून रिप्लाय आला: "अगं खिडकीत?? मी सांगितलं नव्हतं का?" नव्हतं सांगितलं, पण जाऊ दे. शनिवारी दोन्ही फ्लास्क ०.६४ वर होते. आज फॉइलवाला ०.६३, खिडकीतला ०.५४. दोन्ही बाकावर शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनीही फरक कळत होता, एक पिवळाजर्द, दुसरा फिकुटलेला.

सरांनी वही मागितली. पेन्सिलवर फिरवलेलं पेन त्यांना लगेच दिसलं, माझ्याकडे बघितलं, पण बोलले काही नाहीत. मग म्हणाले, आता हे खिडकीचंच नीट करा, दर तासाला रीडिंग. राजापुरी-सेलम आठवडाभर लांबणीवर. पुण्याचा मुलगा गजर लावून तासातासाला आठवण करतोय, चांगलाय तसा.

एकच विचारायचं राहिलं. फॉइलचा रोल संपलाय. तो लॅबच्या खर्चात मागायचा असतो की आपणच आणायचा?