महाबळेश्वरच्या जांभ्यातलं लोखंड: खनिज कुठलं, भट्टी कशी चालायची, धंदा का बसला?

प्रश्न: कात्रजचा_बोगदा

पुण्याहून पस्तीसेक जणांची अभ्याससहल पसरणी घाटाने महाबळेश्वरला न्यायची आहे. 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये तिथल्या धावडांचा, म्हणजे लोखंड गाळणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. लोकांसमोर बोलायचं तर पुढच्या गोष्टी नीट कळायला हव्यात.

सह्याद्री सगळा काळ्या कातळाचा, मग लोखंडाचं खनिज आलं कुठून? एक किलो लोखंडाला खनिज किती, कोळसा किती? रानात काळा जड तुकडा दिसला तर तो भट्टीतला की नुसता दगड, हे कसं ओळखायचं? आणि धंदा थांबला तो खनिज संपलं म्हणून का?

उत्तर 1: सडा_माळ

"खाण" म्हटल्यावर बोगदा, शिडी, दिवा असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते आधी पुसून टाका. इथलं खनिज वरवर खणून आणि वेचून घ्यायचं.

खालचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. त्यात लोहाची ऑक्साइडं साधारण 10 ते 15 टक्के, म्हणजे भट्टीच्या दृष्टीने काहीच नाही. पण 1200 ते 1400 मीटर उंचीवर, पाचगणीचं टेबललँड आणि महाबळेश्वरचा माथा इथे, कातळावर जांभ्याचं टोपण आहे. पावसाने लाखो वर्षं त्याच कातळातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक), चुना, सोडा धुऊन नेला आणि न विरघळणारं लोह नि अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) मागे राहिलं. अॅल्युमिना वरचढ झालं तिथे बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, झालं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या खाणी याच कुळातल्या.

आता महत्त्वाचं. जांभा एकजिनसी नसतो. हातभर ढेकळात पिवळी माती असते, लाल भुसभुशीत भाग असतो आणि भोकांच्या कडेने जांभळट-काळं, टणक, किंचित चकाकणारं कवच असतं. कामाचं ते कवच आणि सुपारीएवढ्या जड गाठी. बाकी सगळं भट्टी बिघडवणारं.

सहलीत दाखवायला सोपा प्रयोग: न्हाणीघराच्या टाइलचा एक तुकडा न्या. मागच्या, बिनचकाकीच्या बाजूवर दगड घासा आणि कस, म्हणजे उमटलेल्या रेघेचा रंग, बघा. विटेसारखा लाल कस म्हणजे हेमॅटाइट, पिवळट-तपकिरी म्हणजे गोएथाइट किंवा लिमोनाइट, काळा म्हणजे मॅग्नेटाइट. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह 70 टक्के, गोएथाइटमध्ये 63 टक्के. जांभ्यात बहुधा पहिले दोन मिसळलेले मिळतात.

उत्तर 2: भाता_आणि_ऐरण

सडा_माळ यांनी "बाकी सगळं भट्टी बिघडवणारं" असं म्हटलंय. का, ते आकड्यांत सांगतो, कारण याचा हिशेब कुणी मांडत नाही.

या भट्टीत लोखंड वितळत नाही. ते वितळायला 1538 अंश लागतात. हाताने भाता मारून भट्टी 1200 च्या आसपास जाते. वितळतो तो मळ. खनिजातली सिलिका एकटी वितळत नाही, ती लोहाच्या ऑक्साइडला सोबत घेऊन साधारण 1200 अंशांना पातळ होते. म्हणजे लोखंड सुटं करायची किंमत लोखंडानेच मोजावी लागते. 1 किलो सिलिका जाताना सुमारे 1.9 किलो लोह घेऊन जाते.

हिशेब करा. 10 किलो वेचक खनिज, लोह 50 टक्के, सिलिका 15 टक्के. लोह 5 किलो. दीड किलो सिलिका 2.8 किलो लोह खाणार. हाती उरलं 2.2 किलो, तेही कागदावर. आता न वेचलेला जांभा घ्या: लोह 40 टक्के, सिलिका 25 टक्के. लोह 4 किलो, सिलिकेची भूक 4.7 किलोची. दिवसभर भाता मारा, भट्टीतून नुसता मळ निघेल. म्हणून खनिज निवडणाऱ्याची नजर हेच निम्मं कौशल्य.

अशा भट्ट्यांची सर्वसाधारण रीत अशी. खनिज आधी लाकडाच्या जाळावर भाजायचं. पाणी उडतं, तडे जातात, मग ते कुटून हरभरा ते सुपारी या मापाचं करायचं आणि भुकटी चाळून टाकायची. भुकटी राहिली की कोळशातल्या फटी बुजतात, वारा वर चढत नाही. भट्टी चिकणमातीची, मातीत भुसा किंवा चिरलेलं गवत मळलेलं, नाहीतर वाळताना फुटते. तळाशी मातीची नळी, तिला चामड्याचे दोन भाते. एक भरतो तेव्हा दुसरा फुंकतो, कारण वारा तुटला की नळीच्या तोंडाशी मळ गोठतो आणि भट्टी तिथेच मेली. नुसत्या कोळशावर भट्टी लाल केल्यावर कोळशाचा थर, खनिजाचा थर, पुन्हा कोळसा असं वरून भरत राहायचं. शेवटी तळाला स्पंजासारखा गोळा उरतो. तो सांडशीने ओढून गरम असतानाच घणाखाली घ्यायचा, म्हणजे आतला मळ पिळून बाहेर येतो.

चुकतं कुठे? कोळसा कमी पडला तर लोह सुटतच नाही, मळात जातं. उलट कोळसा फार, वारा फार, आच फार झाली की लोखंड कार्बन पितं आणि बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, तयार होतं. बीड घणाखाली तडकतं. लोहाराला नांगराचा फाळ घडवायचा असतो, त्याच्या दृष्टीने ते वाया.

प्रमाण ढोबळ धरा: 10 किलो चांगल्या खनिजाला 10 ते 20 किलो कोळसा, गोळा दीड-दोन किलोचा, घडवताना त्यातला जवळजवळ निम्मा झडतो. हाती 1 किलोभर घडीव लोखंड. आणि 1 किलो लोणारी कोळशाला पाचेक किलो लाकूड. म्हणजे एका किलो लोखंडामागे 50 ते 100 किलो लाकूड. घडवायच्या वेळचा कोळसा वेगळाच. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यात आलं.

कात्रजचा_बोगदा

हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. तुकडे ओळखायला सोबत लोहचुंबक नेणार आहे, पुरेल ना?

उत्तर 3: खापर_तपासनीस

नाही पुरणार, उलट फसाल. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, तोही चुंबकाला हलकासा ओढतो. जांभ्याच्या वरच्या काही गाठी चांगल्याच चिकटतात, वणव्याच्या आचेने त्यातल्या ऑक्साइडचं रूप बदललेलं असतं म्हणून. आणि खरा लोहकीट, म्हणजे भट्टीतला गोठलेला मळ, कधी कधी जेमतेम ओढला जातो. भट्टीचा मळ की दगड, याचा निकाल चुंबक देत नाही.

डोळ्यांनी बघा. कीटावर ओघळ दिसतात, काकवी थंड होताना पडतात तशा सुरकुत्या, एकावर एक. भोकं गोल, आतून गुळगुळीत. जांभ्याची भोकं नळ्यांसारखी वाकडीतिकडी, आत माती किंवा पिवळा लेप. सच्छिद्र बेसॉल्टही गोंधळात टाकतो, पण त्याच्या भोकांत पांढरे-हिरवट स्फटिक भरलेले असतात आणि ओघळ कधीच नसतात. ताजी फोड काळी-करडी आणि जड असेल तर कीट असण्याची शक्यता वाढते. हिरवी-निळी काच चमकत असेल तर तो बहुधा आजच्या कारखान्यातला, भरावासोबत आलेला. पुण्याच्या टेकड्यांवर सापडणाऱ्या तुकड्यांबद्दल तर आधी तोच संशय घ्यावा. रस्त्याच्या कडेचा तुकडा पुरावा म्हणून धरूच नका.

सगळ्यात खात्रीची खूण कीट नव्हे, नळी. भाजलेल्या मातीची नळी, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला वितळून काळी काच झालेली. मात्र नळी लोहाराच्या भात्यालाही असते, म्हणून आजूबाजूला ओघळाच्या कीटाचा ढीगही दिसायला हवा. एकट्या वाटीच्या आकाराच्या, खालून फुगीर वरून सपाट अशा ढेपा मिळाल्या तर ती बहुधा नुसती लोहाराची भट्टी.

चुंबकाचा खरा उपयोग इथे: तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मातीवरून फिरवा. लोहारकाम झालेल्या जागी बारीक, पातळ काळे खवले पिशवीला चिकटतात. पिशवी उलटी केली की खवले कागदावर.

एक अवांतर. आयुर्वेदातला मंडूर म्हणजे हाच जुना लोहकीट. शंभर वर्षांचा उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ, त्याहून नवा विषासारखा, असं वचन आहे. सहलीतलं कुणीतरी हे विचारणारच, आणि कुणीतरी तुकडा कुटून चाटायला निघेल. अडवा. वैद्य तो आधी शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून नि भाजून, त्याचं भस्म करतात.

धावडांना "महाराष्ट्रातले पहिले" वगैरे म्हणू नका. नागपूरजवळ नायकुंडला 1978 ते 80 मध्ये उत्खनन झालं, त्यात आपलं डेक्कन कॉलेज होतं. तिथे महापाषाणयुगातली लोखंड गाळायची भट्टी मिळाली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. आणि गावाच्या नावात "धावड" दिसलं की तिथे भट्टी होतीच असंही ठोकून देऊ नका. नाव ही फक्त शोध सुरू करायची जागा.

उत्तर 4: रेडी_ते_लोहारा

धंदा खनिज संपून बुडाला नाही. खनिज अजून तिथेच पडलंय. संपलं ते जळण, आणि त्याच सुमारास गिऱ्हाईकही गेलं.

1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी रान राखीव होत गेलं. वर भाता_आणि_ऐरण यांनी दिलेला लाकडाचा आकडा पुन्हा बघा: राखीव रानाशेजारी असा धंदा उभा राहूच शकत नाही. दुसरीकडे 1858 मध्ये रेल्वे पुण्याला आली, 1863 मध्ये बोरघाट जोडला गेला आणि विलायती लोखंड मुंबईहून देशावर सरळ यायला लागलं. ते ठरावीक जाडीच्या पट्ट्या-सळ्यांत यायचं. बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, बसवायची तर लोहाराला पट्टी फक्त वाकवून जोडायची. गावठी गोळा आधी तासन्‌तास ठोकून पट्टीच करावी लागायची. त्यात लोहाराचा कोळसा वेगळा जळायचा.

जळणाची हीच गोष्ट विदर्भात मोठ्या प्रमाणावर घडली. चंद्रपूरकडच्या लोहाऱ्याचं खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याची कोळसा खाण. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यांचा त्यावरचा अहवाल आला आणि जमशेटजी टाटांना तिथे कारखान्याची कल्पना सुचली. पण वरोऱ्याच्या कोळशाचा कोक, म्हणजे मोठ्या भट्टीला लागणारं भाजून केलेलं जळण, होईना. शेवटी कारखाना झाला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, आणि पोलाद निघालं 1912 मध्ये.

सिंधुदुर्गातल्या रेडीचं खनिज यात मिसळू नका, लोक हमखास मिसळतात. सिंधुदुर्ग नि गोव्याचं खनिज दख्खनच्या लाव्ह्यातलं नव्हे, त्याच्या कितीतरी आधीच्या पट्टेदार खडकांतलं. वर जांभा दिसतो एवढंच साम्य. तिथे उघड्या खाणी, एका टनामागे दोन-तीन टन माती हलवायची, गोव्यात खनिज बार्जने मांडवी-जुवारी नद्यांतून मुरगाव बंदराला न्यायचं. आजच्या नियमाने हेमॅटाइट खनिज म्हणायला किमान 45 टक्के लोह लागतं, 2009 पूर्वी ही हद्द 55 होती. म्हणजे वरच्या हिशेबातलं 50 टक्क्यांचं वेचक खनिज आजच्या कागदावरही खनिज ठरतं. फक्त ते गाठीगाठींनी विखुरलेलं, डंपर भरण्याइतकं एका जागी नाही.

कात्रजचा_बोगदा

एक-दोन नमुने पुण्याला आणून ठेवावेत असं मनात होतं.

खापर_तपासनीस

राखीव वनातला दगडसुद्धा भारतीय वन अधिनियम, 1927 प्रमाणे वनोपज आहे, परवानगीशिवाय उचलता येत नाही. नळीचा तुकडा तर जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली. मोजपट्टी शेजारी ठेवून तीन बाजूंनी फोटो घ्या, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, तुकडा होता तसा ठेवा. हाताळायला द्यायचंच असेल तर चिऱ्यांच्या वखारीतून जांभ्याच्या कपच्या मागून घ्या, फुकट मिळतात. टाइलवरचा कस त्यांच्यावरही छान उमटतो.