मदत हवी आहे: भाडं वाढतंय, जुने शेजारी निघून चाललेत

नमस्कार. शेजारच्या आजींच्या पायरीवर रोज संध्याकाळी चार बायका बसायच्या. आता तिथे काचेचं दार आहे, कुलपाच्या जागी आकड्यांची बटणं. आजी लेकीकडे गेल्या, जाताना तुळस माझ्याकडे ठेवून.

रस्ता सुधारला, दिवे आले, ते मला मनापासून हवंच होतं. पण त्यापाठोपाठ भाडीही चढली. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधल्या कामगारवस्त्यांत हेच पाहून १९६४ साली ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द दिला, म्हणजे वस्तीत पैसेवाले येतात, ती महाग होते आणि जुन्या रहिवाशांना निघावं लागतं.

आमचा करार दोन महिन्यांत संपतोय. इमारतीतल्या भाडेकरूंनी मिळून मालकाशी लांब मुदतीचा करार केल्याचा अनुभव कुणाला आहे का? बोलणी कशी सुरू केलीत? वाढीची मर्यादा लेखी घेतलीत का? मला इथेच राहायचंय.