आपला वाडा, परभणी: अण्णांचा कॉम्प्युटर उद्या फॉरमॅटला

शनिवार

वैशाली वहिनी: सगळ्यांना नमस्कार. उद्या ११ ला दुकानातला पोरगा येतोय, अण्णांचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला. चालू व्हायला अर्धा तास लावतोय आणि मधेच बंद पडायलाय. ज्याचं ज्याचं त्यात काही आहे त्यांनी आज रात्रीपर्यंत सांगा. नंतर माझ्या नावानं शंख करायचा नाही. गौरीच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच.

नानाकाका (सेलू): 🌹 शुभ संध्याकाळ 🌹 माणसं जोडा, सुखी राहा 🌹

नानाकाका (सेलू): वैशाली कोणता कॉम्प्युटर. जमिनीचे कागद असलेला का

संजूभाऊ: तोच नाना. आपल्याकडं काय कॉम्प्युटरचं दुकान हाय का

नानाकाका (सेलू): मग थांबवा. अगोदर कागद काढा मग काय मारायचं ते मारा

सुमनताई (नांदेड): माझ्या लग्नाचा व्हिडिओ त्यातच आहे. तो काढला का?

दादा (पुणे): वैशाली, आधी कळवलंस हे छान केलंस. फक्त एक सुचवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. एवढी घाई करून पुन्हा तेच टाकण्यापेक्षा विंडोज ११ टाकून घ्या. एकदाच काय ते काम होईल.

वैशाली वहिनी: घाई नाही दादा. दिवाळीपासून सांगायले.

ओंकार: मोठे मामा, त्यावर ११ नाही चालणार. आजोबांचा चौथ्या पिढीचा आय-थ्री आहे. ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते.

दाजी (नांदेड): चौथी पिढी आली पण? आपल्या घरात तर अजून दुसरीचंच भांडण मिटंना 😂

ओंकार: संजूमामा, बॅकअप काय काय घेतलाय?

संजूभाऊ: डेस्कटॉपवरचं समदं पेनड्राइव्हवर घेतलं, दोन मिनिटात झालं. बाकीचं डी ड्राइव्हमधी टाकलंय. पोरगा म्हणला सी उडवतो, डी ला हात लावत नाही.

ओंकार: मामा, सी आणि डी एकाच हार्ड डिस्कवर आहेत. एकाच कपाटाचे दोन कप्पे समजा. कपाटच गेलं तर? आणि विंडोज टाकताना त्यानं चुकून भलत्या भागावर डिलीट दाबलं तर डी पण गेला. डी मध्ये टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही. आणि एवढा डेस्कटॉप दोन मिनिटात कसा येईल? पेनड्राइव्हवरच्या फाइलींची साइज बघून सांगा ना.

संजूभाऊ: अण्णांचं पुस्तक २ केबी. जमीन कागद १ केबी. फोटो २००९ १ केबी

ओंकार: हे शॉर्टकट आहेत 🤦 चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय बघा. खरी फाइल दुसरीकडेच आहे, तुमच्याकडे नुसता तिचा पत्ता आला. बाणावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट असेल. तिथं जाऊन पूर्ण फोल्डर घ्या.

दाजी (नांदेड): म्हणजे सेलूची जमीन १ केबी उरली 😂😂

नानाकाका (सेलू): दाजी जमिनीवर हसायचं काम नाही. तुमच्या हिश्श्याची नाही ती

सुमनताई (नांदेड): नाना, असं बोलायची काही गरज नव्हती. हक्कसोडपत्रावर सही मीच करून दिलीय, विसरलात का?

दाजी (नांदेड): हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

दादा (पुणे): कृपया सर्वांनी विषयावर राहूया 🙏 नाना, काळजी करू नका. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो.

नानाकाका (सेलू): सातबारा मला बी काढता येतो. १९५४ चं खासरा पत्रक आन् निजामाच्या वेळचे उर्दू कागद काढून दाखव १५ रुपयात. मूळ कागदाला वाळवी लागली तवा पुण्याहून कोणी आलं नव्हतं. हात लावला की भुगा पडायचा. मी एकेक पान काचेवर ठेवलं आन् वैशालीनं स्कॅन केलं. आता ते स्कॅनच मूळ कागद

दादा (पुणे): मी तेव्हा कुठे होतो ते सर्वांना माहीत आहे. असो.

वैशाली वहिनी: असोच.

सुमनताई (नांदेड): व्हिडिओचं कोणी बोलंचना. माझ्या लग्नाचा व्हिडिओ काढला का?

अण्णा: माझे पुस्तक पेजमेकर या पाने मांडायच्या सॉफ्टवेअर मध्ये आहे वडिलांनी सांगितलेल्या रझाकारांच्या वेळच्या आठवणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या सगळ्या ते गेले तर या वयात मी परत लिहू शकणार नाही हे बोलून टाइप केले आहे चूक भूल देणे घेणे

रेखा (लातूर): अण्णा ती फाइल तुम्ही मला मागं मेल केली होती. इथं उघडली तर एक अक्षर मराठी नाही. नुसती उलटीपालटी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. मला वाटलं व्हायरस आहे, मी घाबरून उडवली.

ओंकार: मावशी, व्हायरस नव्हता. आजोबा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात, आणि त्याचे ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप मराठी दिसेल असे नाहीत. फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच नंबर साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की पुस्तक असून नसल्यासारखं. म्हणून नुसती पेजमेकरची फाइल घेऊन भागणार नाही. सी मध्ये विंडोजच्या आत फॉन्ट्स फोल्डर आहे, त्यातले श्री नावानं सुरू होणारे सगळे फॉन्ट घ्या. पानांवर जे फोटो लावलेत त्यांचंही फोल्डर घ्या, पेजमेकर मोठे फोटो बाहेरूनच जोडतं. आणि एक पीडीएफ करून मला पाठवा, फॉन्ट आत एम्बेड करून.

दादा (पुणे): ओंकार, उत्तम माहिती. मी मागच्या वर्षीच सुचवलं होतं की सगळं क्लाउडवर टाका. गूगल १५ जीबी फुकट देतं.

वैशाली वहिनी: हो दादा, सुचवलं होतं. पासवर्ड टाकला की ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर जायचा. तो नंबर तुम्ही बंद केला.

अण्णा: मागच्या बाजूला एक छोटे लॉक लावलेले आहे ते कोणी काढू नये ते नसले की श्रीलिपी उघडत नाही

वैशाली वहिनी: ते निळं का? घरातलं पोर बारका पेनड्राइव्ह समजून शाळेत घेऊन चाललतं. ड्रॉवरमधी ठेवलंय, पिवळ्या डबीत. संजू, डबीवर नाव लिहा.

नानाकाका (सेलू): कागद निघाले का

संजूभाऊ: काढायलो नाना. कॉपी लावलीय. आधी १० मिनिटं म्हणलं, आता ९ तास म्हणायलंय. आन् आतून कट् कट् आवाज येतोय. थांबतंय, परत कट् कट्.

दाजी (नांदेड): उंदीर असंल 😂

ओंकार: कॉपी थांबवा मामा. लगेच. तो आवाज हार्ड डिस्कचा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका, डी वर नको, पेनड्राइव्हवरून चालवा. काय रंग दाखवतं तो फोटो टाका.

संजूभाऊ: [फोटो]

संजूभाऊ: पिवळा. कॉशन लिहिलंय.

ओंकार: म्हणजे डिस्कवरच्या जागा खराब व्हायला लागल्यात. कॉम्प्युटर स्लो झालाय तो विंडोजमुळे नाही, डिस्क एकच जागा वाचायला परत परत धडपडतीय. याला फॉरमॅट मारून काहीच उपयोग नाही, उलट दिवसभर तिला राबवायचं आणि असलेलं पुसायचं. उद्याचा फॉरमॅट रद्द करा. नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क घाला, विंडोज तिच्यावर टाका. जुनी डिस्क फॉरमॅट न करता काढून ठेवून द्या.

वैशाली वहिनी: मग दुकानातल्या पोराला हे कळलं नाही का? बघून गेला की तो. आवाज त्याच्यासमोर यायलता.

संजूभाऊ: त्यानं फक्त किती जीबी रॅम हाय ते बघितलं.

ओंकार: आता क्रमानं घ्या. पहिलं आजोबांचं पुस्तक आणि फॉन्ट, ते फार मोठं नसणार. मग जमिनीचे स्कॅन. मग फोटो. सिनेमे आणि गाणी सोडून द्या, परत मिळतात. जी फाइल अडकेल ती वगळून पुढं जा, तिच्यावर अडून बसू नका.

सुमनताई (नांदेड): आणि लग्नाचा व्हिडिओ? तो परत मिळत नाही म्हणलं.

दाजी (नांदेड): तो आपोआप गेला तर माझी काही हरकत नाही 🙏😂

सुमनताई (नांदेड): तुम्ही घरी या, मग सांगते.

संजूभाऊ: ओंकार, पेनड्राइव्ह त्या पोराचाच हाय, ३२ जीबीचा. त्यातच विंडोज घेऊन येतो म्हणला.

ओंकार: मग त्यावर काहीच ठेवू नका!! विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला की आधीचं सगळं पुसलं जातं. त्यानं घरी नेऊन तो बनवला असता म्हणजे पुस्तक, जमीन, फोटो सगळं साफ. आज रात्री कोणाचा तरी दुसरा घ्या, उद्या बाहेर लावायची हार्ड डिस्क आणा.

नानाकाका (सेलू): मी म्हणत होतो थांबवा

रविवार

नानाकाका (सेलू): 🌞 सुप्रभात 🌞 कागद निघाले का

संजूभाऊ: निघाले नाना. समदे. शेजारच्या लॅपटॉपवर उघडून पाहिले, खासऱ्याची दोन्ही पानं नीट दिसायलीत. पुस्तक, फॉन्ट निघाले. पीडीएफ ओंकारला मेल केली. नवी हार्ड डिस्क पण आणली, आता फोटो त्यावर जायलेत.

ओंकार: आजोबा, पीडीएफ माझ्या लॅपटॉपवर उघडली. माझ्याकडे श्रीलिपी नाही तरी मराठी व्यवस्थित दिसतंय. काही पानांचे फोटो टाकतो, जोडाक्षरं तुम्हीच बघा.

अण्णा: पाहिले अक्षरे बरोबर आहेत फक्त फोटोखाली माझ्या आजोबांचे नाव चुकले आहे पण ती चूक माझीच जुनी आहे

सुमनताई (नांदेड): अभिनंदन अण्णा 🙏 आता माझा व्हिडिओ.

संजूभाऊ: ताई त्याच्याच मागं हाय. पेनड्राइव्हवर जायना. २० जीबी जागा मोकळी असून फाइल लई मोठी म्हणायलंय.

ओंकार: ती ६ जीबीची एकच फाइल असणार. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीच्या वरची एक फाइल तो घेतच नाही, जागा कितीही असो. नव्या हार्ड डिस्कवर टाका, जाईल. पेनड्राइव्हवरच पाहिजे असेल तर रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागेल.

संजूभाऊ: गेली ताई. हार्ड डिस्कवर गेली. वरातीपासून जेवणावळीपर्यंत पूर्ण हाय.

सुमनताई (नांदेड): एवढं कालच सांगता आलं असतं.

वैशाली वहिनी: ताई, काल रात्री एकपर्यंत आम्ही त्याच्यासमोरच बसलो होतो.

दादा (पुणे): सर्वांचे, विशेषतः ओंकारचे कौतुक 👏 आता ही डिस्क सुरक्षित राहावी म्हणून माझ्याकडे पुण्याला पाठवली तर बरं होईल असं मला वाटतं.

नानाकाका (सेलू): का. सेलूत चोर आहेत का. कागद सेलूचे, डिस्क सेलूला

वैशाली वहिनी: झालं का सुरू.

ओंकार: भांडू नका ना, मुळात एक प्रत पुरतच नाही. एक परभणीत, एक दुसऱ्या गावी. सगळ्या एकाच घरात ठेवल्या तर वाळवीच्या वेळी झालं तेच होईल.

अण्णा: दोन डिस्क घ्या एक इथे एक सेलूला पुण्याला पीडीएफ पाठवा

दाजी (नांदेड): नांदेडला व्हिडिओ नाही पाठवला तरी चालेल

संजूभाऊ: पोरगा येऊन गेला. एसएसडी उद्या बसवतो म्हणला. फॉरमॅट नको म्हणलं तर तोंड एवढंसं झालं त्याचं.

वैशाली वहिनी: दोन हार्ड डिस्क आणि एसएसडी मिळून साडेतेरा हजार झाले. दादा, तुम्ही अर्धे देतो म्हणला होतात.

दादा (पुणे): हो, नक्कीच. आत्ता पाठवत होतो, बँकेचा सर्व्हर डाउन दाखवतोय. संध्याकाळी करतो.

वैशाली वहिनी: बरं. नाना, सेलूची डिस्क तुम्ही येऊन घेऊन जा. येताना हुरडा आणा.

नानाकाका (सेलू): आणतो. पण डिस्क लावायची कशी ते कागदावर लिहून ठेव