क्ष-किरण, सीटी, एमआरआय : नागपुरातले काम आणि हाती पडणारा पगार

धागाकर्ता

माझा भाचा यंदा बारावी झाला. सीताबर्डीवर कोणीतरी हाती दिलेले एका संस्थेचे पत्रक घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले. त्यावर क्ष-किरण तंत्रज्ञाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापले होते. मी स्वतः औषध व्यवसायातला असल्याने धंतोली आणि रामदासपेठेतल्या तपासणी केंद्रांत माझे जाणे-येणे असते, पण काचेपलीकडे बसून यंत्र चालवणाऱ्या माणसाला महिन्याला काय मिळते हे मला कधीच विचारावेसे वाटले नव्हते. म्हणून या क्षेत्रातल्या सर्वांना विनंती आहे की आपण कधी लागलात, काय शिकून लागलात आणि हातात प्रत्यक्ष किती पडते, हे लिहावे. तक्रार असल्यास रुग्णालयाचे नाव घेऊ नये.

निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, महाल

मी १९८४ मध्ये सरकारी सेवेत लागलो, तेव्हा हाती साधारण नऊशे रुपये येत. त्या काळी निम्मे काम अंधाऱ्या खोलीत चाले. फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, पाण्यातून काढून फिक्सरमध्ये ठेवायची आणि मग वाळवायची. फिक्सरचा वास कपड्यांना इतका बसे की घरी जेवायला बसण्याआधी मला अंघोळ करावी लागे. नागपूरच्या मे महिन्यात डेव्हलपर थंड ठेवण्यासाठी आम्ही टाकीभोवती बर्फ लावत असू, कारण रसायन तापले की फिल्म काळी पडे आणि रुग्णाला पुन्हा किरण द्यावे लागत.

चौतीस वर्षांनी त्याच पदनामावरून निवृत्त झालो. बढती नसतानाही वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेमुळे वेतनश्रेणी बदलत गेली, पद मात्र बदलले नाही. आज निवृत्तिवेतनावर घर चालते आणि माझ्या पिढीला या कामाने दिलेली खरी मिळकत तीच, असे मी समजतो. खासगीत गेलेले माझे दोन सहकारी चाळिशीपर्यंत माझ्यापेक्षा जास्त कमवत होते. साठीनंतर त्यांना कोणीच काही देत नाही.

एमआरआय तंत्रज्ञ, मानेवाडा

काका म्हणतात ते खरे आहे, पण आमच्या पिढीत निवृत्तिवेतनाची सोय फार थोड्यांच्या वाट्याला येते. मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी केली; तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. २०१४ मध्ये पहिल्या नोकरीत मला साडेआठ हजार मिळत. काम फक्त एक्स-रेचे होते आणि त्यात अतिदक्षता विभागात पोर्टेबल यंत्र ढकलत नेणे, शस्त्रक्रियेच्या खोलीत सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना चित्र दाखवणारे एक्स-रे यंत्र) धरून उभे राहणे हेही आले. दोन वर्षांत एकूण सातशे रुपये वाढले. मग मी सुटीच्या दिवशी फुकट बसून सीटी शिकले, नोकरी बदलली आणि एकदम चौदा हजारांवर गेले. चार वर्षांनी हेच एमआरआयसाठी केले, तेव्हा चोवीस झाले. आज रात्रपाळी धरून छत्तीस हजार हाती येतात. माझा पगार अनुभवाने जवळपास वाढलाच नाही. यंत्र बदलले तेव्हा वाढला आणि मालक बदलला तेव्हा वाढला. एकाच जागी, एकाच यंत्रावर दहा वर्षे इमानाने काढलेली माझी मैत्रीण आज सोळा हजारांवर आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगले एक्स-रे काढते.

कामाबद्दलही लिहिते, कारण पत्रकात ते नसते. गडचिरोली, चंद्रपूर, शिवाय पलीकडून छिंदवाडा आणि बालाघाट अशा सगळ्या बाजूंनी रुग्ण नागपूरला येतात. पहाटेच्या बसने आलेल्या म्हातारीला ‘फोटू काढाचा आहे’ एवढेच सांगितलेले असते. मग त्या बोगद्यात पाऊण तास न हलता पडून राहायचे आहे, हे तिला समजावण्यात माझी पंधरा मिनिटे जातात आणि बाहेर पुढच्या रुग्णाचे नातेवाईक काच वाजवतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची विशी-पंचविशीतली मुले खुब्याच्या एमआरआयसाठी येतात. रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरत चाललेला पडद्यावर आम्हाला दिसतो, पण निदान सांगण्याचा अधिकार आमचा नाही. ‘ताई, बरं आहे ना?’ याला ‘डॉक्टर सांगतील’ एवढेच उत्तर देता येते. हे उत्तर द्यायला मला कोणी शिकवले नाही.

आणि उन्हाळा! पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुपारी यंत्राला गार ठेवणारा चिलर बंद पडतो. चुंबक थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम उणे २६९ अंशांवर असते. चिलर बराच वेळ बंद राहिला तर ते उडून जाऊ लागते आणि पुन्हा भरण्याचा खर्च लाखांत असतो. अशा वेळी अभियंत्याला फोन लावत गच्चीवर पाण्याचे पाइप धरून उभे राहणे हेही तंत्रज्ञाच्याच कामात मोडते.

एक गोष्ट राहिली. एका ठिकाणी आमचे किरणमापक बॅज व्यवस्थापनाच्या खणात राहत आणि तपासनीस येण्याच्या दिवशीच छातीवर येत. असा बॅज दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. नियमाने काम झाले तर आम्ही तिच्या फार खाली राहतो, पण खणातला बॅज खणाचीच मात्रा मोजतो. मी गरोदर असल्याचे कळवले, तेव्हा मला सीटीवरून हलवून स्वागतकक्षात बसवले, ते योग्यच होते. त्याबरोबर सीटीचा भत्ता मात्र कापला गेला.

धागाकर्ता

ताई, तो भत्ता नियुक्तिपत्रात वेगळा लिहिला होता का?

एमआरआय तंत्रज्ञ, मानेवाडा

नियुक्तिपत्रच नव्हते. पगार बँकेत जमा होत असे, म्हणून मी ते मागितले नाही. भाच्याला सांगा, ते मागायचेच.

रेडिओलॉजिस्ट, प्रतापनगर

ताईंनी निदान सांगण्याच्या अधिकाराचा उल्लेख केला. आम्ही चित्र वाचून अहवाल देणारे डॉक्टर; आमच्या आणि त्यांच्या पगारातले अंतर नेमके तिथेच आहे. यंत्र कोट्यवधींचे असले तरी अहवालाखाली आमची सही नसेल तर त्या चित्राचे पैसे होत नाहीत. एमडीनंतरचे एक वर्षाचे सरकारी सेवेचे बंधपत्र पूर्ण करून मी खासगीत आलो, तेव्हा मला महिन्याला दोन लाख दहा हजार देऊ केले गेले. माझ्याच पाळीतला तंत्रज्ञ तेव्हा अठरा हजारांवर होता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण आकडे मागितले आहेत म्हणून लिहितो.

बाहेरून दिसतो तेवढा हा पैसा सुखाचा नाही. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखाली एफ फॉर्म भरावा लागतो, आणि त्यातली त्रुटी किंवा अपुरी नोंद हाच कायद्याचा भंग मानला जातो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर असते. हा कायदा का करावा लागला हे विसरता येत नाही, म्हणून मी त्याविरुद्ध बोलत नाही. मात्र काही सहकाऱ्यांनी गर्भवतींची सोनोग्राफी पूर्णपणे सोडून दिली आहे, हेही खरे आहे.

गेली तीन वर्षे मी रात्री घरून इतर गावांच्या रुग्णालयांचे अहवाल देतो. मला एका सीटीमागे अडीचशे आणि एका साध्या एक्स-रेमागे तीस रुपये मिळतात. तीस रुपयांत किती वेळ बघायचे, याचा विचार दर वेळी मनात येतो. छातीच्या एक्स-रेतली हंसळीच्या (खांद्याजवळच्या आडव्या) हाडामागची लहानशी गाठ नजरेतून निसटते ती अशाच घाईत. स्वतःचे केंद्र काढण्याचा विचार मी दोनदा केला आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता पाहून दोन्ही वेळा सोडला.

सध्या इंग्लंडमध्ये, मूळचा वर्धा रोडचा

इथे या कामासाठी एचसीपीसीची, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या परिषदेची नोंदणी लागते. तिच्याशिवाय ‘रेडिओग्राफर’ हे नाव लावणे बेकायदा आहे. माझी कागदपत्रे आणि इंग्रजीची परीक्षा यांत चौदा महिने गेले. २०२४-२५ मध्ये इथल्या सरकारी सेवेत बँड पाचची, म्हणजे नव्या रेडिओग्राफरच्या वेतनश्रेणीची सुरुवात वर्षाला २९,९७० पौंडांवर होती. रुपयांत गुणाकार करून घरी सांगू नका, घरभाड्यातच त्यातला मोठा वाटा जातो. मला जमले ते नागपुरात सीटीवर काढलेल्या पाच वर्षांमुळे. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही, तेव्हा ते पत्रक त्याच दिवशी फाडावे.

कंत्राटी तंत्रज्ञ, एका सरकारी रुग्णालयातून

आमच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. एका खुर्चीवरचे सर नियमित आहेत आणि त्यांचे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू झाले, वर महागाई भत्ता वेगळा. दुसरीवर मी बसतो. मला ठेकेदारामार्फत सतरा हजार मिळतात, तेही कधी वीस तारखेनंतर. काम, यंत्र, रात्रपाळ्या सगळे सारखेच आहे; रांग लांबली की सर स्वतः उठून माझ्याकडचे रुग्ण घेतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. भरतीची जाहिरात येते तेव्हा मी परीक्षा देतो. दोनदा थोडक्यात राहिलो. खुल्या वर्गाची वयोमर्यादा ओलांडायला मला अजून चार वर्षे आहेत आणि सध्या मी तीच मोजतो.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. भाच्याने सगळे वाचले. पत्रक त्याने फाडलेले नाही, पण बीपीएमटीच्या प्रवेशाची माहिती काढायला तो आज सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये जाऊन आला. मानेवाड्याच्या ताईंना एक विचारायचे होते : त्याला एकदा काचेच्या आतल्या बाजूने काम बघता येईल का?

एमआरआय तंत्रज्ञ, मानेवाडा

मी व्यवस्थापनाची परवानगी घेऊन ठेवते. रविवारी रात्री नऊनंतर पाठवा, त्या वेळी तातडीचेच रुग्ण असतात. घड्याळ, किल्ल्या, मोबाइल बाहेर ठेवावे लागतील आणि अंगात धातू बसवलेला असेल तर आधी सांगावे. जेवून यायला सांगा, सकाळी सातपर्यंत बाहेर काही मिळत नाही.