मदत हवी आहे: आरोग्य केंद्रात सर्पदंशाचं इंजेक्शन असूनही पहिला डोस न देता पुढे पाठवतात. गावाने काय करावं?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजूला आमचं गाव आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र वाडीपासून जवळ आहे, जिल्हा रुग्णालय मात्र वळणावळणाच्या रस्त्याने दोन तासांवर. गेल्या भातकापणीत माझ्या चुलतवहिनींच्या हाताला घोणस चावली. भावाने त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून तडक केंद्रात नेलं. मांत्रिक नाही, दोरी बांधणं नाही, चिरा देणं नाही. इतकी वर्षं आरोग्य खातं जे सांगत आलंय, तसंच वागले सगळे.

केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि पुढे न्यायची चिठ्ठी लिहिली. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या, व्हायल (छोट्या बाटल्या) तिथल्याच कपाटात होत्या, हे फार्मासिस्टनेच सांगितलं. 108 आली, जिल्ह्याला पोचेपर्यंत वहिनींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. वहिनी वाचल्या, पण किडनीवर परिणाम झाला, डायलिसिस करावं लागलं, आणि अजून त्यांना शेतातलं काम झेपत नाही.

एकट्या आमच्या घरची गोष्ट असती तर मी इथे लिहिलं नसतं. पंचक्रोशीत विचारलं तर जवळजवळ प्रत्येक वाडीत हेच ऐकायला मिळतं. माणूस वेळेत पोचतो, औषध समोर असतं आणि तरीही दोन तास विष अंगात फिरत राहतं. एएसव्ही रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करतं, पण तोवर किडनीचं जे नुकसान झालं ते भरून काढत नाही. म्हणून पहिला डोस जिथे रुग्ण आधी पोचतो तिथेच मिळायला हवा, एवढी एकच आमची मागणी आहे.

डॉक्टर मुद्दाम देत नाहीत असं मला वाटत नाही. या औषधाची जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अंगावर पित्त उठतं, बीपी खाली जातं, दम लागतो. रात्री केंद्रात एकच डॉक्टर आणि एक सिस्टर. काही झालं तर नातेवाईक अंगावर येतील ही भीती असणारच. पण मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राहून विंचूदंशाचे रुग्ण वाचवले, ते कसं शक्य झालं? तेव्हा तर 108 सुद्धा नव्हती.

भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यास प्रसिद्ध आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे असं त्यात ठरलंय. हा आराखडा आमच्या केंद्राच्या दारापर्यंत आणायचा कसा, हे विचारायला हा धागा काढला आहे. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? आणि तक्रार न करता, डॉक्टरांना सोबत घेऊन हे बदलता येतं का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

दादा, मी मराठवाड्यात बरीच वर्षं मेडिकल ऑफिसर होतो, आता निवृत्त आहे. भीतीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण ती भीती सराव नसल्याची आहे. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन अ‍ॅड्रेनलिनने आटोक्यात येते आणि अ‍ॅड्रेनलिन प्रत्येक केंद्रात असतं. ते आधी सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचं आणि मगच एएसव्हीचं सलाईन सुरू करायचं. विषबाधेची लक्षणं असतील तर पहिला डोस साधारण दहा व्हायलचा, अर्ध्या ते एका तासात. लहान मुलालाही तितकाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. विषारी लक्षणं नसतील तर मात्र एएसव्ही द्यायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं. गावातल्या लोकांनाही हे समजावून सांगा. नाहीतर प्रत्येक दंशाला इंजेक्शन द्याच म्हणून दबाव येतो आणि डॉक्टर आणखी बिचकतो.

तुमचं पहिलं काम म्हणजे साठा किती आहे ते विचारणं. कपाटात चारच व्हायल असतील तर डॉक्टर सुरुवातच करत नाही. नोंद ई-औषधी प्रणालीवर असते. दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं, म्हणून अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करायचा. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतात. लोक एकाचा अर्ज दुसऱ्याकडे देतात आणि कागद महिनोन्महिने फिरत राहतो.

प्रतिसाद

मी स्टाफ नर्स आहे, पालघर जिल्ह्यात. सरांनी औषधाचं सांगितलं, मी चाचणीचं सांगते. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग तिरकं करून बघायचं. गोठलं नसेल तर एएसव्ही लागणार हे नक्की. प्लॅस्टिकच्या नळीत ही चाचणी चुकीची येते, आणि आमच्या केंद्रात सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्याच होत्या! रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सांगितलं, समितीच्या निधीतून काचेच्या नळ्या आणल्या. अगदी थोडक्या पैशांचं काम होतं, पण त्यानंतर डॉक्टरांच्या मनातली धाकधूक पुष्कळ कमी झाली, कारण निर्णयाला आधार मिळाला.

मण्यारीचं वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतात आणि पित्ताची गोळी घेऊन परत जातात. पापण्या जड झाल्यात का, गिळता येतंय का, हे आशाताईंनी विचारायला शिकलं पाहिजे. तुमच्याकडच्या आशाताईंना यात नक्की घ्या, वाडीवर पहिला निरोप त्यांनाच जातो.

प्रतिसाद

मी पुणे जिल्ह्यातला, लोकाधारित देखरेखीच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवण्याच्या, कामात होतो. 2007 मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं. अनुभवावरून सांगतो, एकट्याच्या अर्जाला पोच मिळते, ग्रामसभेच्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं. ठरावात डॉक्टरांविरुद्ध काही लिहू नका. 'पहिला डोस केंद्रातच मिळावा, त्यासाठी एएसव्हीचा पुरेसा साठा, अ‍ॅड्रेनलिन, काचेच्या नळ्या आणि प्रशिक्षण द्यावं' असं लिहा. प्रशिक्षण मागितलं की डॉक्टरही तुमच्या बाजूने उभे राहतात.

धागाकर्ता

सर, ताई, दादा, मनापासून आभार. वहिनींना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः ग्रामसभेत बोलायचं ठरवलंय.

आज केंद्रात जाऊन डॉक्टरांना भेटलो. तरुण आहेत, बोलायला चांगले आहेत. एएसव्ही पुरेसं आहे, पण ते सुरू करण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण झालेलं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. रात्री जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनशी फोनवर बोलता आलं तर मी डोस सुरू करीन, असंही म्हणाले. काचेच्या नळ्यांचा विषय रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत घेतोय.

आता एकच अडचण उरली आहे. केंद्र जिल्हा परिषदेचं आणि फिजिशियन सिव्हिल सर्जनच्या हाताखालचे, मग रात्रीच्या फोनची लेखी व्यवस्था कुणाच्या सहीने होते? कुठल्या जिल्ह्यात असं परिपत्रक निघालं असेल तर त्याची प्रत इथे टाका. 1 मेच्या ग्रामसभेत ठरावासोबत जोडायची आहे, म्हणजे पेरणीच्या आधी पाठपुराव्याला महिना तरी मिळेल.