‘माइंडफुलनेस’ला अवधान म्हणावं की भान?

प्रश्न: विपश्यनेच्या शिबिरात ‘सजगता’ हा शब्द सतत कानावर पडला. वर्तमानपत्रं सरळ ‘माइंडफुलनेस’ छापतात. भांडी घासताना, जिना उतरताना मन त्याच कामात ठेवायची जी साधना, तिला घरगुती शब्द हवा आहे. माझ्या आईला ‘सजग’ म्हटलं की पहारा आठवतो. ‘भान’ चालेल का?

प्रतिसाद: ‘भान’ बोलीतला आहे, पण आपल्या भक्तिपरंपरेत देहभान हरपणं हीच गौरवाची गोष्ट. कीर्तनात रंगलेल्याला भान राहिलं नाही, असं आपण कौतुकानं म्हणतो. भांडी घासताना मात्र देहाचंच भान हवं: पाण्याचा गारवा, घासणीची खरखर, ताट धरलेल्या बोटांवरचा ताण. माझी पसंती ‘अवधान’ला. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय त्यानेच उघडतो: ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे ।’ हे श्रोत्यांना सांगितलंय, तरी ‘दीजे’ महत्त्वाचं. अवधान आपण होऊन द्यायचं असतं. आज बोलण्यात त्याचा अभावच तेवढा उरलाय: ‘अनवधानाने चूक झाली.’

प्रतिसाद: ‘माइंडफुलनेस’मागचा मूळ पाली शब्द ‘सति’, म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे या साधनेवरच्या बुद्धाच्या उपदेशात, रोजच्या हालचालींचा वेगळा भागच आहे: पुढे जाणं, मागे येणं, हात आखडणं-पसरणं, खाणं, चावणं, शौचाला जाणं, बोलणं, गप्प बसणं. तिथला शब्द ‘सम्पजान’, समजून-उमजून करणारा. मला वाटतं ‘सति’ची नाळ ‘स्मरणा’शी जोडावी. तुकोबा ‘तुझा विसर न व्हावा’ हेच मागतात. फरक मात्र पुसू नये. जनाबाईचे हात दळणात आणि स्मरण अनंताचं. सुत्ताप्रमाणे चालायचं तर स्मरण दळण्याचंच.

प्रश्नकर्ती: आणि ‘मन लावून’? आई रोज म्हणते, मन लावून जेव.

प्रतिसाद: आईंना सांगायला तोच शब्द उत्तम. फक्त ‘मन लावून’मध्ये काम नीट होण्यावर भर असतो. या साधनेत मन भरकटलं हे ध्यानात येणं आणि स्वतःवर न चिडता ते परत घासावर आणणं, हाही अभ्यासाचाच भाग. त्यासाठी मी ‘अवधान सुटलं, अवधान आणलं’ असं म्हणते. शिकवताना हे लोकांना चटकन कळतं.