विसाव्या शतकाच्या जागतिक इतिहासाची उजळणी : तुमचे अनुभव

बारावीच्या इतिहासात दोन महायुद्धं, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध येतं. केंब्रिजचा अभ्यासक्रम घेतलेल्या मुलांचा तर बराचसा पेपर १९१९ नंतरच्या जगावरच असतो. सनावळी पाठ होते, पण उत्तर लिहायला बसलं की सगळं एकमेकांत मिसळतं, ही तक्रार दरवर्षीची. जे हा विषय शिकवतात, पेपर तपासतात, घरी अभ्यास करून घेतात त्यांनी लिहावं. 'रोज थोडं वाचा' असं मोघम नको. कोणता भाग, किती वेळ, नेमकं कुठे चुकतं आणि का, ते हवं.

*

१९१४ च्या उन्हाळ्याला सबंध एक तास द्या. सहा चिठ्ठ्या करायच्या. २८ जून, साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंडची हत्या. २३ जुलै, ऑस्ट्रियाचा सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता. २८ जुलै, ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १ ऑगस्ट, जर्मनीने रशियाविरुद्ध. ३ ऑगस्ट, जर्मनीने फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्ट, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध. मागच्या बाजूला 'का?' याचं एकच वाक्य. चिठ्ठ्या पिसून क्रमाने लावायच्या आणि मागची वाक्यं न बघता मोठ्याने म्हणायची.

गाडी हमखास शेवटच्या चिठ्ठीवर अडते. ब्रिटन का उतरलं? जर्मन सैन्य बेल्जियममधून फ्रान्सकडे निघालं होतं, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनने १८३९ च्या करारात दिली होती. हे एक वाक्य आलं की 'युत्यांमुळे युद्ध पेटलं' हे उत्तर पोकळ राहत नाही. आणखी एक: मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप याला 'सर्बियाचा नागरिक' लिहू नका. तो बोस्नियातला सर्ब, म्हणजे ऑस्ट्रियाचाच प्रजाजन होता.

*

तहांबद्दल. व्हर्सायचा तह फक्त जर्मनीशी झाला. ऑस्ट्रियाशी सेंट जर्मेन, बल्गेरियाशी न्यूयी, हंगेरीशी त्रियानों, तुर्कस्तानशी सेव्हर्स, आणि तो मोडीत काढून १९२३ मध्ये लोझान. 'चुकीची जोडी ओळखा'साठी एवढं पक्कं हवं. व्हर्सायवर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला, साराजेव्होच्या बरोबर पाच वर्षांनी, त्यामुळे ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही.

चुकतं कुठे? 'तहात १३२ अब्ज सुवर्ण मार्क भरपाई ठरली' असं लिहितात. तहात कलम २३१ ने युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकली, आकडा ठरला १९२१ मध्ये. सैन्य एक लाखाचं, ही अट मात्र तहातलीच. बारावीच्या मुलांनी हेही ध्यानात ठेवावं की या तहावर भारताच्या वतीने बिकानेरचे महाराजा गंगासिंग आणि भारतमंत्री माँटेग्यू यांच्या सह्या आहेत. भारत स्वतंत्र नसताना राष्ट्रसंघाचा सदस्य कसा, याचं उत्तर इथे मिळतं.

*

हिटलरच्या उदयावर सगळ्यात जास्त गुण वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाठकोऱ्या कागदावर पाच आकडे अंतर सोडून लिहायचे: १२, १०७, २३०, १९६, २८८. या राइशस्टागमधल्या, म्हणजे जर्मन संसदेतल्या, हिटलरच्या नाझी पक्षाच्या जागा. मे १९२८, सप्टेंबर १९३०, जुलै १९३२, नोव्हेंबर १९३२, मार्च १९३३. पुस्तक मिटून प्रत्येक दोन आकड्यांच्या मधल्या जागेत कारण लिहायचं. वीस मिनिटं पुरतात.

पहिल्याच आकड्यावर ठरावीक उत्तर कोसळतं. 'व्हर्सायच्या अपमानामुळे हिटलर सत्तेवर आला' हे पुरेसं असतं, तर तहानंतर नऊ वर्षांनी त्याला फक्त १२ जागा का? १२ वरून १०७ वर जाताना मध्ये ऑक्टोबर १९२९ आहे. वॉल स्ट्रीट, म्हणजे अमेरिकेचा शेअर बाजार, कोसळलं, अमेरिकेने कर्जं परत मागितली आणि त्यांच्यावर उभा असलेला जर्मन उद्योग बसला. १९३२ पर्यंत साठ लाखांच्या आसपास बेकार. इथेच दुसरी चूक होते. हातगाडीभर नोटा देऊन पाव घ्यायचा तो चलनफुगवटा १९२३ चा, बेकारी १९३० नंतरची. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका.

आता २३० वरून १९६. जागा घटल्या, तरी ३० जानेवारी १९३३ ला हा माणूस चॅन्सलर! म्हणजे 'जनतेने बहुमताने निवडून दिला' हे चूक. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याला नेमलं, आणि आपण त्याला मुठीत ठेवू असं माजी चॅन्सलर फॉन पापेनला वाटत होतं. २८८ सुद्धा बहुमत नव्हे, आणि तेही २७ फेब्रुवारीला राइशस्टागला आग लागल्यावर, विरोधकांची धरपकड चालू असताना. पुढे २३ मार्चचा सर्वाधिकार कायदा, आणि २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबर्ग वारल्यावर दोन्ही पदं एकाच्या हाती. 'सत्तेवर आला' आणि 'हुकूमशहा झाला' यांत दीड वर्षाचं अंतर आहे. प्रश्न कोणता विचारलाय ते आधी बघा.

*

छोटीशी भर. रशियातली 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या दिनदर्शिकेत मार्चमध्ये येते आणि 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबर १९१७ ला. जुनी रशियन दिनदर्शिका १३ दिवस मागे होती, एवढंच कारण. पेपरात दोन्ही नावं जशीच्या तशी लिहा, नवी तारीख पुढे जोडा. पहिल्या क्रांतीने झार गेला, दुसरीने हंगामी सरकार. लेनिनने झारला हटवलं असं लिहिलं की उत्तर तिथेच संपलं.

*

शीतयुद्धाचा धडा तारखांची यादी म्हणून वाचला तर काही राहत नाही. प्रत्येक घटनेला 'कशाला उत्तर म्हणून?' हे विचारत जा. जून १९४८ मध्ये जर्मनीच्या पश्चिमेकडच्या विभागांत नवं चलन आलं, त्याला उत्तर म्हणून सोव्हिएत रशियाने केलेली बर्लिनची नाकेबंदी. ती चालू असतानाच ४ एप्रिल १९४९ ला नाटो, म्हणजे पाश्चात्त्य देशांची लष्करी युती. सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार नाटोला उत्तर म्हणून झाला असं सरसकट लिहितात, पण मग मध्ये सहा वर्षं का गेली? मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीला नाटोत घेतलं आणि काही दिवसांतच, १४ मे ला, वॉर्सा करार झाला. हे लिहिणारं उत्तर लगेच वेगळं दिसतं.

१९६१-६२ ची गाठ आपल्याकडच्या घटनांशी मारून ठेवा. ऑगस्ट १९६१ बर्लिनची भिंत, सप्टेंबर बेलग्रेडची अलिप्ततावादी परिषद, १९ डिसेंबर गोवामुक्ती. पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत पाश्चात्त्यांनी भारताविरुद्ध ठराव आणला आणि सोव्हिएत रशियाने तो नकाराधिकाराने पाडला. शीतयुद्ध म्हणजे काय हे मुलाला एका प्रसंगात दाखवायचं तर हा दाखवावा. क्युबाचा पेच १६ ते २८ ऑक्टोबर १९६२, चीनचं आक्रमण त्यातच २० ऑक्टोबरला. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, म्हणजे यशवंतराव दिल्लीला गेले, ते पुढच्याच महिन्यात. बांडुंग मात्र १९५५ ची आफ्रो-आशियाई परिषद. तिला पहिली अलिप्ततावादी परिषद म्हणू नका.

*

केंब्रिजवाल्यांसाठी, उताऱ्यांच्या प्रश्नांबद्दल. 'हा उतारा पक्षपाती आहे म्हणून निरुपयोगी' या वाक्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. कोण बोलतंय, कधी, कोणासमोर आणि त्याला काय हवंय, या क्रमाने जा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचं १२ मार्च १९४७ चं भाषण घ्या. समोर अमेरिकी काँग्रेस, मागणी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर. पैसे मंजूर करून घ्यायचे म्हणून धोक्याचं चित्र गडद. उताऱ्याचं महत्त्व याच गडदपणात आहे, तोच लिहायचा.

*

वर नकाशाचं राहिलंय. युरोपचे दोन कोरे नकाशे, एक १९१४ चा आणि एक १९२३ चा, पेन्सिलने भरायचे, पंधरा मिनिटांत. १९१४ च्या नकाशावर पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया काढले की समजावं, तहांचा भाग परत वाचायचाय. १९२३ च्या नकाशावर डान्झिग बंदर आणि पोलिश पट्टा (पोलंडला समुद्रापर्यंत नेणारी चिंचोळी जमीन) वेगळ्या रंगात, पूर्व प्रशिया जर्मनीपासून तुटलेला स्पष्ट दिसला पाहिजे. मग त्याच नकाशावर हिटलरच्या एकेका पावलाचे क्रमाने आकडे टाका: १, ऱ्हाइनलँड, ७ मार्च १९३६. २, ऑस्ट्रिया, १२ मार्च १९३८. ३, सुडेटनलँड, सप्टेंबर १९३८ चा म्युनिक करार. ४, प्राग, १५ मार्च १९३९. पाचवा आकडा डान्झिगजवळ येतो, आणि १ सप्टेंबर १९३९ ला पहिले गोळे तिथेच का पडले ते नकाशावरच दिसतं.